मुक्काम पोस्ट

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे पत्ते वाचले.
ट्रेल काउंटी, नॉर्थ डकोटा, ग्रामीण मार्ग क्रमांक तीन.
एकशे बेचाळीस पेट्या, अठ्ठ्याऐंशी मैल,
उजव्या सीटवर बसून, उजवा हात खिडकीबाहेर.
पेटीचं झाकण गोठलं की
थर्मासमधली कॉफी ओतायची बिजागरीवर.
कुणाच्या घरी काय चाललंय ते
पाकिटाच्या वजनावरून कळायचं.
मी कधी बोलले नाही.

आता माझा पत्ता म्हणजे
सू फॉल्समधल्या एका दुकानामागच्या खोलीतला खण.
तिथली पोरगी महिन्यातून एकदा
सगळं एका जाड पाकिटात कोंबते
आणि मी सांगेन त्या गावी धाडते.
पोस्ट तेच. मुक्काम बदलतो.

गाडी चौदा वर्षं जुनी, सव्वीस फूट.
कर्टिसनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं,
"आई, यात संडास कुठंय?"
दाखवला.
"आणि मग ते जातं कुठं?"
तेही सांगितलं.
मग माझा मुलगा बराच वेळ
लॉनकडे बघत उभा राहिला.

शिकले हळूहळू.
चाकाखाली फळ्या सारून गाडी समपातळीत आणायची:
ओट्यावर अंडं ठेवायचं, गडगडलं नाही की झालं.
काळं पाणी आधी सोडायचं, करडं मागाहून.
हा क्रम एकदाच चुकला, टेक्ससमध्ये.
त्याबद्दल अधिक बोलणार नाही.
गॅस संपतो तो पहाटे तीनलाच.
सुपरमार्केटच्या आवारात रात्र काढायची
तर आधी आत जाऊन विचारायचं,
निदान केळी तरी घ्यायची.

जानेवारीत क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हजारो गाड्या उतरतात.
पक्ष्यांसारख्या म्हणणार होते,
पण पक्षी घडीच्या खुर्च्या घेऊन येत नाहीत.
शेजारी लव्हर्न, मालगाडीवरचा जुना ब्रेकमन,
दीड फुप्फुसावर जगतो
आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या तपासून देतो, न विचारता.
पलीकडे क्वीबेकची डेल्फीन. तिचा पाव, माझा जॅम,
आणि दोघींचं मिळून चाळीसेक शब्दांचं संभाषण.
कुठल्या तुम्ही, असं इथं कुणी विचारत नाही.
कुठं निघालात, एवढंच.
मार्चमध्ये ऊन चढलं की पांगतात सगळे.
सकाळी उठावं तर शेजारी नुसत्या चाकांच्या खुणा.
लव्हर्न गेला, म्हणतात.
नुसताच गेला की तसा गेला,
हे पुढच्या जानेवारीपर्यंत कळत नाही.

सप्टेंबरात नातीच्या वाढदिवसाला फार्गोला गेले.
कर्टिसच्या दारात गाडी लावली.
चौथ्या दिवशी वायपरखाली सोसायटीची नोटीस:
राहती वाहने अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ, वगैरे.
कर्टिस कानापर्यंत लाल.
सून म्हणाली, वरची खोली रिकामीच आहे,
कायमच्या राहा ना.
मनापासून म्हणाली ती.
अवघड होतं ते हेच.
मी वर जाऊन खोली पाहिली.
चांगली होती. नवा पडदा, दोन उशा,
खिडकीतून शेजाऱ्यांची बेज रंगाची भिंत.
खाली येऊन त्यांच्या पत्रपेटीचं
तिरकं झालेलं झाकण दुरुस्त केलं,
एक स्क्रू, चार थेंब तेल,
आणि निघाले.

आज पोस्टात काउंटरवरच्या मुलानं ओळखपत्र मागितलं.
ऑलस्टॅड, व्हर्ना. राहणार?
मी काचेतून बाहेर बोट केलं.
त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि जाड पाकीट सरकवलं.

आत विम्याचं बिल, दातांच्या डॉक्टरची आठवण,
बियाण्यांचा कॅटलॉग, तो का येतो देव जाणे,
आणि सोल्वेगचं चित्र.
सव्वीस फुटी घर, सहा चाकं, वर धुराडं,
खिडकीत मी, दात सगळे शाबूत.
आणि दाराशेजारी, गाडीलाच ठोकलेली,
एक निळी पत्रपेटी.

डाव्या बाजूला काढली आहे.
तिला कळवायला हवं.
पेटी नेहमी उजवीकडे,
पोस्टमनचा हात पोचेल अशी.